‘हौस’ नव्हे, बनावट निवड : मानाच्या याद्यांचा दीडशे वर्षांचा बाजार

१/
‘आपल्या क्षेत्रातील उल्लेखनीय कार्याची दखल घेऊन आपल्या नावाची आंतरराष्ट्रीय नामावलीसाठी निवड झाली आहे, नोंद विनामूल्य आहे, स्वीकृती शुक्रवारपूर्वी कळवावी’ अशा आशयाचे ईमेल डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद आणि प्राध्यापक यांना आठवड्याला एखादे तरी येतेच. इंग्रजीत या धंद्याला ‘व्हॅनिटी डिरेक्टरी’ म्हणतात. व्हॅनिटी म्हणजे मिरवण्याची हौस. खटला उभा राहण्यापूर्वीच नावाने निकाल दिलेला असतो : जो फसला, तो स्वतःच्या हौसेने फसला. हा धागा त्या निकालाविरुद्ध आहे.

२/
या व्यवहारात विकली जाणारी वस्तू स्तुती नाही. स्तुतीचा व्यापार फार जुना आहे आणि त्यात सहसा कोणी फसत नाही. दरबारात भाट वंशावळ गात असे, तेव्हा त्याला बिदागी मिळणार हे गाणारा, ऐकणारा आणि ज्याचे गुणगान चालले आहे तो, असे तिघेही जाणून असत. नामावलीवाला मात्र विकतो ती ‘निवड’. कोणीतरी तटस्थ मंडळी बसली, त्यांनी शेकडो नावे चाळली आणि त्यांतून हे एक उचलले, असा तो दावा असतो. प्रत्यक्षात ती मंडळी बसलेली नसतात आणि नावेही कोणी चाळलेली नसतात. दीडशे वर्षांचा हा इतिहास मुळात या एका खोट्या दाव्याचा इतिहास आहे.

३/
सुरुवात अमेरिकेतून करावी लागते. १८७६ मध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली. त्यानिमित्त गावोगावी आणि काउंटी-काउंटीत स्थानिक इतिहासाची टिपणे तयार करावीत, अशी शिफारस तिथल्या काँग्रेसने केली. गावाच्या इतिहासाची गोडी लागली आणि शिकागोसारख्या शहरांतील प्रकाशकांनी ती ओळखली. त्यांचे फिरते दलाल शेतकरी, दुकानदार, डॉक्टर आणि न्यायाधीश यांच्या घरी जाऊ लागले. वर्गणी भरणाऱ्याचे चरित्र ग्रंथात येई; जास्त पैसे मोजले तर पोलादी ठशावरून छापलेले चित्रही येई. या जाडजूड ग्रंथांना पुढे ‘मग बुक’ असे थट्टेचे नाव पडले. ‘मग’ म्हणजे बोलभाषेत थोबाड.

४/
या ग्रंथांत प्रत्येक शेतकरी कष्टाळू, प्रत्येक दुकानदार सचोटीचा आणि प्रत्येक डॉक्टर लोकप्रिय आहे. तरीही त्यांना फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. आपण वर्गणी भरली म्हणून आपले नाव आले, हे त्या शेतकऱ्याला ठाऊक होते. शेजाऱ्यालाही ठाऊक होते, कारण दलाल त्याच्याही दारी येऊन गेला होता. आज अमेरिकेत पूर्वजांचा शोध घेणारे लोक हेच ग्रंथ उपयोगाची साधने म्हणून उघडतात. माणसाला आपले नाव कागदावर राहावे असे वाटते. त्या इच्छेत काही पाप नाही. पाप पुढच्या पायरीवर घडले.

५/
पुढची पायरी म्हणजे उसनी पत. सॅन फ्रान्सिस्कोचा ह्युबर्ट हाउ बॅनक्रॉफ्ट हा ग्रंथविक्रेता, प्रकाशक आणि इतिहासकार. पश्चिम अमेरिकेच्या इतिहासाचे ३९ खंड त्याच्या नावावर आहेत आणि अभ्यासक आजही ते पाहतात. त्यानंतर १८९१-९२ च्या सुमारास त्याने ‘क्रॉनिकल्स ऑफ द बिल्डर्स ऑफ द कॉमनवेल्थ’ ही सात खंडांची चरित्रमाला काढली. तिच्यातील धनिकांची चरित्रे त्यांच्याकडून मोठ्या रकमा घेऊन लिहिलेली होती. बांधणी तीच, लेखकाचे नाव तेच, शैलीही तीच. आधीच्या ३९ खंडांनी कमावलेला विश्वास या सात खंडांनी खर्च केला. खऱ्या ज्ञानग्रंथाचा पोशाख विकाऊ ग्रंथाला चढवला की वाचकाला फरक ओळखता येत नाही, हे इथे सिद्ध झाले.

६/
त्याच काळात प्रामाणिक यादी म्हणजे काय, याचाही नमुना तयार होत होता. लंडनमध्ये १८४९ पासून ‘हूज हू’ निघत होते, पण सुरुवातीला ती केवळ पदाधिकाऱ्यांची यादी होती. १८९७ मध्ये ए. अँड सी. ब्लॅक या प्रकाशनसंस्थेने तिला नवे रूप दिले आणि छोटी चरित्रे त्यात आली. १८९९ मध्ये शिकागोच्या अल्बर्ट नेल्सन मार्क्विस यांनी ‘हूज हू इन अमेरिका’ काढले. या दोन्ही ग्रंथांची प्रतिष्ठा एका नियमावर उभी होती : नोंद पैशाने मिळत नाही.

७/
हा नियम हीच त्या ग्रंथांची संपत्ती होती आणि तीच चोरण्याजोगीही होती. ‘हूज हू’ हे शब्द इतके सर्वसामान्य आहेत की जगभर असंख्य प्रकाशकांनी ते आपापल्या पुस्तकांवर छापले. नाव उचलता आले. नियम मात्र उचलला गेला नाही. वाचकाच्या मनात मात्र नाव आणि नियम एकत्रच बसलेले होते. पुढच्या शतकभरातील प्रत्येक ठकाने याच फटीतून प्रवेश केला.

८/
या धंद्याचे खरे स्वरूप न्यायालयात उघडे पडले ते न्यूयॉर्कमध्ये, १९०५-०६ साली. कर्नल विल्यम डॅल्टन मॅन हा यादवी युद्धात लढलेला गृहस्थ ‘टाऊन टॉपिक्स’ नावाचे साप्ताहिक चालवी. श्रीमंतांच्या घरातील भानगडी त्यात छापून येत. नावे थेट दिलेली नसत, पण ओळखू येतील अशी व्यवस्था असे. याच मॅनने १९०५ मध्ये ‘फॅड्स अँड फॅन्सीज’ नावाचा देखणा ग्रंथ काढला. त्यात ‘प्रातिनिधिक अमेरिकनां’च्या आवडीनिवडींची गोड वर्णने होती. एका प्रतीची किंमत १,५०० डॉलर आणि त्याहून अधिक. त्या काळी एवढ्या पैशांत सामान्य माणसाचे कुटुंब दोन-तीन वर्षे चालले असते.

९/
जे. पी. मॉर्गन आणि व्हँडरबिल्ट अशी घराणी या ग्रंथाच्या गिऱ्हाइकांत होती. त्यांना प्रसिद्धीची हौस होती, असे म्हणायला कोणीही धजणार नाही. प्रसिद्धी टाळण्यासाठीच ते पैसे मोजत होते. वर्गणी भरणाऱ्याविषयी साप्ताहिक सौम्य होई आणि नकार देणाऱ्याविषयी मजकूर येण्याचे भय असे. १९०५ च्या उन्हाळ्यात एडविन पोस्ट या शेअर दलालाकडे मॅनच्या साप्ताहिकाशी संबंधित एका माणसाने अशाच दुसऱ्या एका ग्रंथाच्या वर्गणीपोटी ५०० डॉलर मागितले. पोस्टने पोलिसांना कळवले, सापळा रचला गेला आणि दलाल पकडला गेला.

१०/
पोस्टने तक्रार करून काय गमावले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्या खाजगी गोष्टीचा धाक त्याला घातला गेला होता ती जगजाहीर झाली आणि त्याचा संसार मोडला. (त्याची पत्नी एमिली पोस्ट पुढे शिष्टाचारावरील ग्रंथासाठी प्रसिद्ध झाली.) ज्यांनी पैसे भरले होते त्यांची नावे मात्र तोवर झाकलेलीच होती. फसवला गेलेला माणूस तोंड उघडतो तेव्हा पहिली किंमत त्यालाच मोजावी लागते, हा या धंद्याचा सर्वांत भक्कम आधार आहे. त्या काळी धाक भानगडीचा होता; आज तो हशाचा आहे. काम तेच होते.

११/
पुढे ‘कॉलियर्स’ साप्ताहिकाचे संपादक नॉर्मन हॅपगुड यांनी मॅन आणि त्याच्या साप्ताहिकाशी संबंध असलेल्या एका न्यायाधीशावर कडक टीका केली. त्यावरून हॅपगुड यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. जानेवारी १९०६ मधील त्या सुनावणीत मॅनला साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले आणि धनिकांकडून घेतलेल्या, कधीही न फेडलेल्या ‘कर्जां’ची यादी बाहेर आली. ज्यूरीने थोड्याच वेळात हॅपगुड यांना निर्दोष ठरवले. मॅनवर खोट्या साक्षीचा खटला झाला, पण तोही वर्षअखेर सुटला. साप्ताहिक चालूच राहिले. धंदा उघडा पडतो, पण बंद पडत नाही, हा या इतिहासातील वारंवार येणारा धडा इथे पहिल्यांदा दिसतो.

१२/
विसाव्या शतकात धंद्याने मोर्चा व्यापाऱ्यांकडे वळवला. टेलिफोन आणि टेलेक्सच्या डिरेक्टऱ्या दुकानदाराच्या रोजच्या गरजेच्या झाल्या, तशा बनावट डिरेक्टऱ्याही निघाल्या. पद्धत साधी होती : न मागितलेल्या नोंदीचे बिल पाठवायचे. मोठ्या कचेरीत हिशेब पाहणारा कारकून एक, डिरेक्टरीत नाव देणारा अधिकारी दुसरा. बिल खऱ्यासारखे दिसले की भरले जाई. अमेरिकेत ‘यलो पेजेस’चे चालत्या बोटांचे चिन्ह कोणाच्या मालकीचे म्हणून राखलेले नव्हते. त्यामुळे खरा प्रकाशक आणि भामटा दोघेही तेच चिन्ह छापू शकत होते.

१३/
ब्रिटनने यावर १९७१ मध्ये कायदा केला : ‘अनसॉलिसिटेड गुड्स अँड सर्व्हिसेस ॲक्ट’. त्यातील तिसरे कलम खास डिरेक्टरीतील नोंदींसाठी आहे. नोंदीचा तपशील आणि तिचे शुल्क स्पष्ट सांगणारी, गिऱ्हाइकाने सही केलेली मागणी नसेल तर पैसे देणे लागत नाही. दिले असतील तर परत मागता येतात. ‘तुमची हौस, तुम्ही भोगा’ असे या कायद्याने म्हटले नाही. दोष किंमत लपवणाऱ्याचा, असे त्याने निःसंदिग्धपणे ठरवले. पन्नास वर्षांपूर्वी एका संसदेला जे उमगले, ते आजही चहाच्या टेबलावरील चर्चेत अनेकांना उमगत नाही.

१४/
कायद्याने ‘सही हवी’ म्हटल्यावर भामट्यांनी सहीच मिळवण्याची युक्ती काढली. युरोपात १९९० च्या दशकापासून लाखो छोट्या व्यावसायिकांना एक फॉर्म येऊ लागला : ‘आपली माहिती तपासून, दुरुस्त करून परत पाठवा.’ वरच्या भागात मोठ्या अक्षरांत नाव, पत्ता, फोन. तळाशी बारीक अक्षरांत तीन वर्षांचा करार आणि वर्षाला सुमारे एक हजार युरो शुल्क. स्पेनमधील ‘युरोपियन सिटी गाइड’ ही यातील कुप्रसिद्ध कंपनी. कॅटलोनियाच्या प्रशासनाने कारवाई केल्यावर तिने बार्सिलोनाहून मुक्काम व्हॅलेन्सियाला हलवला आणि वसुलीची पत्रे जात राहिली.

१५/
युरोपीय संसदेकडे या प्रकारच्या ४०० हून अधिक तक्रारअर्ज जमले. १६ डिसेंबर २००८ रोजी संसदेने दिशाभूल करणाऱ्या डिरेक्टरी कंपन्यांविरुद्ध ठराव केला. बळींची यादी पाहण्यासारखी आहे : छोटे व्यावसायिक तर होतेच, पण शाळा, ग्रंथालये आणि धर्मादाय संस्थाही त्यांत होत्या. शाळेला कसली हौस असते? ग्रंथालयाला कोणता तोरा मिरवायचा असतो? ‘हौसेचे बळी’ हा सिद्धांत या एकाच यादीने निकालात निघायला हवा होता. औद्योगिक प्रदर्शनांत दालन घेणाऱ्यांनाही असेच फॉर्म जात, कारण प्रदर्शकांची यादी उघड असते. ‘आपली नोंद प्रदर्शनाच्या अधिकृत यादीतीलच आहे’ असा त्यांचा समज व्हावा, एवढीच योजना त्यामागे होती.

१६/
व्यावसायिकांच्या अहंकारावर खापर फोडणाऱ्यांनी अमेरिकेतील आणखी एक खटला पाहावा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ‘हूज हू वर्ल्डवाइड’ नावाची कंपनी होती. ‘आपल्या नावाची शिफारस झाली आहे’ अशी तिची पत्रे जात. १९९५ मध्ये तिच्यावर कारवाई झाली आणि १९९८ मध्ये टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल मालकासह विक्रेत्यांवर दोष सिद्ध झाला. शिफारस कोणीच केलेली नव्हती. नावे बाजारात विकत मिळणाऱ्या पत्त्यांच्या याद्यांतून उचललेली होती. पुस्तक छापले गेले होते, प्रमाणपत्रही दिले जात होते. तरीही न्यायालयाने त्याला फसवणूक म्हटले, कारण खोटेपणा वस्तूच्या वर्णनात होता. निवड विकली होती आणि निवड झालीच नव्हती.

१७/
ईमेलने या धंद्यात नवे तत्त्व आणले नाही, फक्त खर्च काढून टाकला. टपालाला तिकीट लागत असे. ईमेलला काहीच लागत नाही. पूर्वी पत्त्यांची यादी विकत घ्यावी लागे; आता प्रत्येक शोधनिबंधाखाली संशोधकाचा ईमेल छापलेला असतो, रुग्णालयाच्या संकेतस्थळावर डॉक्टरांचा आणि परिषदेच्या पत्रिकेवर वक्त्यांचा. माणूस आपल्या कामासाठी जितका सहज सापडतो, तितकाच तो भामट्यालाही सहज सापडतो. दहा हजार पत्रांतून दहा जणांनी पैसे भरले तरी दिवस भागतो.

१८/
आतली रचना ठरीव आहे. ईमेलमध्ये किंमत नसते; फॉर्म असतो. फॉर्म भरला की ‘मुलाखती’साठी फोन येतो. फोनवरचा माणूस अर्धा तास शिक्षण, अनुभव आणि आयुष्यातील कठीण टप्पे यांविषयी मन लावून विचारतो. ज्या डॉक्टरला वर्षानुवर्षे कोणी ‘तुम्ही हे कसे साधलेत?’ असे विचारलेले नसते, तो मनापासून बोलतो. शेवटच्या दोन मिनिटांत ‘आजीव सदस्यत्वा’ची किंमत येते. नकार दिला की कमी किमतीचे, मग त्याहूनही कमी किमतीचे सदस्यत्व पुढे येते. अर्धा तास ऐकून घेतलेल्या माणसाला साफ ‘नाही’ म्हणणे सभ्य माणसाला जड जाते. इथे कामी येतो तो त्याचा सभ्यपणा. त्याला अहंकार म्हणणे ही विटंबना आहे.

१९/
भारतातील व्यावसायिकांबाबत आणखी एक कारण जोडले जाते आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमानुसार जाहिरातीने काम मिळवण्यास मनाई आहे. सनदी लेखापालांवर १९४९ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाने तसेच बंधन घातले आहे. डॉक्टरांवर २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांनी. ज्यांना स्वतःचे नाव सांगत फिरता येत नाही, त्यांना ‘तुमचे नाव दुसऱ्या कोणीतरी निवडले’ हे वाक्य अधिक मोलाचे वाटणारच. भामटा जाहिरातच विकतो, पण तिच्यावर सन्मानाचे वेष्टन घालतो. परिणामी गिऱ्हाईक पैसे तर गमावतेच, शिवाय स्वतःच्या व्यवसायाचा नियम मोडल्याचा ठपकाही ओढवून घेऊ शकते.

२०/
प्राध्यापकांची गोष्ट याहून कडवट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने नेमणूक आणि बढतीला गुणांकाची जोड दिली. काम मोजायचे ठरले आणि मोजणे सोपे व्हावे म्हणून कागद मोजले गेले. जिथे कागदाला गुण आहेत तिथे कागद विकणारा येणारच. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून आयोगाच्या मान्य यादीत आलेल्या आणि कोणत्याही नामांकित सूचीत नसलेल्या १,००९ नियतकालिकांची ती छाननी होती. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली.

२१/
बनावट नियतकालिक आणि बनावट नामावली ही सख्खी भावंडे आहेत. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ प्रकाशनसंस्थेविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दावा लावला आणि २०१९ मध्ये तेथील न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश दिला. आरोप ओळखीचे होते : होत नसलेल्या परीक्षणाचा दावा, संमती न घेता संपादक म्हणून छापलेली नावे आणि लेख स्वीकारेपर्यंत लपवलेले शुल्क. ‘निवड’ या शब्दाच्या जागी ‘परीक्षण’ ठेवले की १९९८ चा लाँग आयलंडचा खटला पुन्हा वाचल्यासारखा वाटतो.

२२/
आता नेहमीचे तीन आक्षेप. पहिला : ‘कोणी बळजबरी केली नव्हती.’ खरे आहे. पण फसवणुकीला बळजबरी लागतच नाही, खोटी माहिती पुरते. दुसरा : ‘पुस्तक मिळाले, ढाल मिळाली, मग तक्रार कसली?’ पितळेला सोने म्हणून विकणाराही पितळ देतोच. तिसरा : ‘शहाणा माणूस फसत नाही.’ हा आक्षेप सर्वांत घातक आहे. तो बोलणाऱ्याला शहाणा ठरवतो, बळी पडलेल्याला गप्प करतो आणि भामट्याला पुढचे गिऱ्हाईक मिळवून देतो. फसलेल्या शंभरांपैकी तक्रार करणारे बोटांवर मोजण्याइतके असतील, तर ती शांतता हसणाऱ्यांनीच घडवलेली आहे.

२३/
हसण्याहून मोठा अपराध मात्र संस्थांचा आहे. निवड समितीसमोर ठेवलेल्या परिचयपत्रात ‘आंतरराष्ट्रीय नामावलीत समावेश’ असे लिहिलेले असते आणि समितीतील एकही सदस्य ‘ही नामावली कोण काढते?’ असे विचारत नाही. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात ती नोंद अभिमानाने छापली जाते. समारंभात सूत्रसंचालक ती वाचून दाखवतो. ‘केंब्रिज’ किंवा ‘ऑक्सफर्ड’ हे शब्द नावात दिसले की त्या विद्यापीठांशी संबंध आहे की नाही, हे तपासण्याचे कष्टही कोणी घेत नाही. खोट्या नाण्याला किंमत येते ती ते घेणाऱ्यामुळे. पाडणारा एक असतो. चालवून घेणारे शेकडो असतात.

२४/
याचा भुर्दंड नामावलीत नसलेल्यांना बसतो. तालुक्याच्या गावी तीस वर्षे बाळंतपणे करणारी डॉक्टर, गरिबांचे खटले विनाशुल्क चालवणारा वकील, एकच पण कसदार निबंध लिहिणारा अध्यापक यांच्या परिचयपत्रात असली ओळ नसते. शेजारच्या अर्जात ती असते. मराठीत सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी आयुष्य वेचून भारतवर्षीय चरित्रकोशाचे तीन खंड उभे केले. कोणाचे चरित्र घ्यायचे आणि कोणाचे नाही, हे अभ्यासाने ठरवणे म्हणजे काय, हे त्या खंडांत दिसते. अशा श्रमाने मिळवलेला ‘नोंद’ या शब्दाचा अर्थ विकाऊ याद्या झिजवून टाकतात.

२५/
ओळखण्याची कसोटी अवघड नाही. एक : निवड कोणी केली, त्या व्यक्तींची नावे आणि निकष लेखी मिळतील का? दोन : पैसे न देता ती नोंद, तशीच आणि तितकीच, छापली जाईल का? तीन : ‘आजच ठरवा’ असा तगादा आहे का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ किंवा तिसऱ्याला ‘होय’ असे उत्तर आले की पत्र कचऱ्यात जावे. ‘माहिती तपासा’ म्हणणाऱ्या कोणत्याही फॉर्मवर सही करण्यापूर्वी तळाची बारीक अक्षरे वाचावीत. पैसे गेले असतील तर बँकेला त्वरित कळवावे, पुढील वसुली थांबवण्यास सांगावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. वसुलीच्या धमकीपत्रांना घाबरून आणखी पैसे देऊ नयेत. वकिलाचा सल्ला घ्यावा.

२६/
संस्थांसाठी कसोटी याहूनही सोपी आहे : परिचयपत्रातील ज्या नोंदीसाठी अर्जदाराने पैसे दिले, तिला शून्य गुण. विद्यापीठे, रुग्णालये आणि व्यावसायिक परिषदा यांनी एवढा एक नियम लेखी केला, तरी या बाजाराची मागणी मोठ्या प्रमाणात आटेल. तो नियम करण्यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही. लागते ती ‘ही निवड कोणी केली?’ असे विचारण्याची सवय.

२७/
आणि या धंद्याचे नाव बदलले पाहिजे. ‘व्हॅनिटी’ हा शब्द ज्याने पैसे भरले त्याच्याकडे बोट दाखवतो. १९०६ च्या ज्यूरीने, १९७१ च्या ब्रिटिश कायद्याने, १९९८ च्या निकालाने आणि २००८ च्या युरोपीय ठरावाने बोट दाखवले ते घेणाऱ्याकडे. मराठीत याला ‘बनावट निवड’ म्हणावे. बनावट नोट घेणाऱ्याला कोणी हौशी म्हणत नाही. ती छापणाऱ्याला मात्र तुरुंगात पाठवतात.